ठाण्यात शिकलेली फेक, तीर्थनने शिकवलेला प्रवाह

ठाणे जिल्ह्यातील एकाही नदीत ट्राउट नाही, आणि त्याचे मुख्य कारण पाण्याच्या तापमानात आहे. हा मासा साधारण १० ते १६ अंश सेल्सिअसच्या पाण्यात चांगला खातो आणि वाढतो. पाणी २० अंशांच्या वर गेले की त्याचे खाणे मंदावते आणि २५ अंशांच्या आसपास त्याच्या जिवावर बेतते. पाणी जितके थंड, तितका त्यात प्राणवायू अधिक विरघळतो. समुद्रसपाटीला १० अंशांच्या एक लिटर पाण्यात सुमारे ११.३ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तर ३० अंशांच्या पाण्यात जेमतेम साडेसात. एप्रिलमध्ये बदलापूरच्या वरच्या अंगाला उल्हास नदीत मी थर्मामीटर बुडवला, तेव्हा सकाळी आठ वाजताच पारा २८ च्या पुढे होता. त्यामुळे फ्लाय फिशिंगचे, म्हणजे कृत्रिम माशीने मासे धरण्याचे, धडे ठाण्यात गिरवता येतात, ट्राउटसाठी मात्र काश्मीर, हिमाचल, निलगिरी किंवा मुन्नारचा डोंगर गाठावाच लागतो. मी हिमाचलमधील कुल्लू जिल्ह्यातली तीर्थन नदी निवडली, आणि काळ निवडला तो सप्टेंबरच्या उत्तरार्धाचा.

तिथल्या नदीचे वर्ष आपल्या नद्यांपेक्षा वेगळे चालते. मे-जूनमध्ये वितळणाऱ्या बर्फाने पाणी फुगते, जुलै-ऑगस्टमध्ये पावसाने ते गढूळ होते आणि पाऊस ओसरू लागला की सप्टेंबरच्या मध्यानंतर ते हळूहळू निवळत जाते. पुढे १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत हिमाचलात ट्राउटच्या मासेमारीला बंदी असते, कारण तपकिरी ट्राउट हिवाळ्याच्या तोंडाशी अंडी घालतो आणि ती थंडीभर खड्यांखाली उबत राहतात. म्हणजे उन्हाळा-पावसाळा सरल्यावर आणि बंदी सुरू होण्याआधी जेमतेम सहा आठवडे हाताशी राहतात. वसंतातही तिथे लोक जातात, पण त्या काळात बर्फाचे पाणी केव्हा वाढेल याचा नेम नसतो. शिवाय सप्टेंबरमध्ये काठच्या गवतात नाकतोडे, मुंग्या आणि भुंगेरे भरपूर असतात, आणि ते वाऱ्याने पाण्यात पडतात. पाण्यावर तरंगणारी फ्लाय वापरून मासा पृष्ठभागावर येताना पाहायचा असेल, तर याहून चांगला हंगाम नाही, असे माझे मत आहे.

फ्लाय म्हणजे आकड्यावर पिसे, केस आणि दोरा बांधून तयार केलेली कृत्रिम माशी. आपल्याकडे तलावाकाठी बसणारे लोक गळाला पीठ किंवा गांडूळ लावतात आणि शिशाच्या वजनाच्या जोरावर तो लांब फेकतात. तिथे वजन गळाच्या टोकाला असते आणि दोर त्याच्यामागे ओढला जातो. फ्लायला मात्र वजन जवळपास नसतेच, त्यामुळे ती फेकता येत नाही. इथे वजन दोरातच असते. जाडसर, प्लास्टिकचा थर दिलेली लाइन हवेत मागे-पुढे खेळवून तिच्यात जो वेग साठतो, तो टोकाच्या फ्लायला घेऊन जातो. या लाइनना वजनानुसार क्रमांक असतात. माझी लाइन ५ क्रमांकाची, म्हणजे तिच्या पहिल्या ३० फुटांचे वजन १४० ग्रेन, सुमारे ९ ग्रॅम. तिच्याशी जुळणारा चार तुकड्यांचा ९ फुटी रॉड, साधे रीळ, लाइनच्या टोकाला बांधायचा, निमुळता होत जाणारा ९ फुटी पारदर्शक दोरा म्हणजे लीडर, आणि त्याच्या शेवटी फ्लायसाठी जोडायचा ०.१५ मिलिमीटर जाडीचा बारीक दोरा म्हणजे टिपेट, एवढ्या साहित्यावर सुरुवात झाली. रीळ महागडे घेऊ नये. इतक्या लहान माशासाठी ते लाइन गुंडाळून ठेवण्यापलीकडे फारसे काही करत नाही. तो पैसा लाइनवर खर्च करावा.

शिकवायला कळव्याचे एक निवृत्त काका भेटले. नोकरीच्या निमित्ताने त्यांची काही वर्षे काश्मीरमध्ये गेली होती आणि तिथल्या ओढ्यांवर त्यांनी ही विद्या मिळवली होती. घोडबंदर रस्त्यालगतच्या आमच्या संकुलात एक बऱ्यापैकी मोठी हिरवळ आहे. जानेवारीपासून सकाळी साडेसहाला, म्हणजे मुलांचे क्रिकेट सुरू होण्याआधी, आम्ही तिथे उभे राहू लागलो. आकड्याऐवजी लीडरच्या टोकाला लाल लोकरीचा तुकडा बांधलेला असे, कारण सुरुवातीच्या दिवसांत ते टोक कुठे जाईल याचा भरवसा नसतो आणि फिरायला निघालेली माणसे पाहायला थांबतात. एका आजोबांनी तर हे पतंगाचे काही नवीन तंत्र आहे का, अशी चौकशी केली.

पहिले काही आठवडे काका एकच गोष्ट सांगत राहिले. "अगं, पुढे काय बघतेस? मागे बघ. मागची लाइन सरळ झाल्याशिवाय पुढे काही जायचं नाही." घड्याळाच्या तबकडीवर रॉड दहापासून दोनपर्यंत न्यायचा, तिथे थांबायचे, मागे गेलेली लाइन उलगडून सरळ होऊ द्यायची आणि मगच पुढे आणायचे. हा थांबा लाइनच्या लांबीप्रमाणे बदलतो. बाहेर जितकी लाइन जास्त, तितके जास्त थांबावे लागते. रॉडचे टोक सरळ रेषेत गेले तर हवेत लाइनचा घट्ट, अरुंद फास तयार होतो आणि तो वाऱ्यालाही कापत जातो. टोक कमानीसारखे गोल फिरले तर फास रुंद होतो आणि लाइन दमून मध्येच गळून पडते. जोर लावल्याने तर आणखीच बिघडते, कारण रॉडचे टोक खाली दबते, लाइन स्वतःलाच छेदते आणि टिपेटमध्ये बारीक गाठी पडतात. त्या गाठींमुळे टिपेटची ताकद बरीच घटते, म्हणून दर थोड्या वेळाने टिपेट दोन बोटांतून ओढून पाहण्याची सवय काकांनी लावली. मार्च संपेपर्यंत ४० फुटांवर ठेवलेल्या परातीत लोकर पडू लागली, आणि मागे झाडे असताना वापरायची रोल कास्ट, म्हणजे लाइन मागे न उडवता पाण्यावरूनच पुढे गुंडाळत नेण्याची फेक, हिरवळीवर जमेल तेवढी जमली. ही फेक खरी पाण्यावरच शिकता येते, कारण तिला लाइन किंचित धरून ठेवणारा पृष्ठभाग लागतो. गवत तेवढे धरत नाही.

संध्याकाळी फ्लाय बांधण्याचे काम चाले. जेवणाच्या टेबलाच्या कडेला एक छोटा शिकंजा बसवायचा, त्यात आकडा पकडायचा आणि बारीक दोऱ्याने एकेक साहित्य बांधत जायचे. परदेशी फ्लायचे साहित्य महाग पडते, पण त्यातले बरेचसे ठाण्यात सापडते, हे शोधण्यात मला मासेमारीइतकीच गंमत वाटली. रेशमी दोरा जांभळी नाक्यावरच्या शिवणसामानाच्या दुकानात मिळाला. मुंग्या आणि भुंगेरे करण्यासाठी शाळेच्या प्रकल्पांना लागणारा काळा फोम स्टेशनरीच्या दुकानातून आणला. तो पाण्यावर उत्तम तरंगतो, फक्त त्याच्या दोन-तीन मिलिमीटरच्या पट्ट्या धारदार पात्याने कापाव्या लागतात. कोंबडीवाल्याकडून मानेची पिसे घेतली, मात्र ती सुक्या, म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या, फ्लायच्या मानेभोवती गुंडाळण्यासाठी फारशी कामाची ठरली नाहीत, कारण त्यांचे तंतू मऊ असतात आणि पाणी शोषतात. त्यासाठी मुद्दाम पैदास केलेल्या कोंबड्यांची ताठ पिसे विकतच घ्यावी लागली. सर्वांत समाधान दिले ते फेझंट टेल निंफने, म्हणजे पाण्याखालच्या किड्याच्या पिलाची नक्कल करणाऱ्या बुडत्या फ्लायने. इंग्लंडमधील एव्हन नदीचे रखवालदार फ्रँक सॉयर यांनी तयार केलेली ही फ्लाय फक्त दोन वस्तूंची आहे: फेझंट पक्ष्याच्या शेपटीचे तंतू आणि तांब्याची बारीक तार. दोरा त्यात मुळीच नाही. तारच बांधण्याचे काम करते आणि तीच वजन देऊन फ्लाय बुडवते. तार मला वागळे इस्टेटमध्ये मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात मिळाली. दुकानदाराने अर्धे रीळ तसेच देऊन टाकले आणि कशाला हवी, हे सांगितल्यावर पैसे घ्यायला नकार दिला.

फेक हिरवळीवर शिकता येते, परंतु फ्लाय पाण्यावर पडल्यानंतर काय होते ते शिकायला वाहते पाणी लागते. यासाठी मी एप्रिल-मेमध्ये सुट्टीच्या दिवशी बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान उल्हासवर जाऊ लागले. भिवपुरीच्या टाटा वीजकेंद्रातून सुटणारे पाणी या नदीला मिळते, म्हणून भर उन्हाळ्यातही ती वाहती राहते. मात्र पाणी सुटले की पात्र अचानक भरते, त्यामुळे मधल्या खडकावर जाऊन उभे राहणे टाळावे आणि काठच्या गावातल्या माणसांना वेळ विचारून घ्यावी. खालच्या टापूत जलपर्णीचा उपद्रव असतो, वर तो बराच कमी. तिथे बोटभर लांबीचे रुपेरी मासे लहानातली लहान फ्लाय टोकरून पाहत आणि क्वचित आकड्याला लागत. मला त्यांच्यापेक्षा लाइन काय करते हे पाहायचे होते.

नदीचे पाणी एका वेगाने वाहत नाही. मध्यभागी ते जोरात असते, काठाला आणि खडकामागे मंद असते, आणि या दोन्हींच्या सीमेवर एक स्पष्ट रेघ दिसते. तुम्ही मंद पाण्यात फ्लाय टाकली आणि तुमच्या व तिच्या मध्ये जोराचा प्रवाह असला, तर लाइन त्या प्रवाहात वाहून पुढे जाते, तिला पोट पडते आणि दोन-तीन सेकंदांत फ्लाय पाण्यावर ओरखडा काढत ओढली जाते. खरी माशी असे कधी करत नाही. ती ज्या पाण्यावर पडली त्याच पाण्याच्या वेगाने जाते. या ओढीला ड्रॅग म्हणतात, आणि फेकणाऱ्याला न दिसणारा ड्रॅगही माशाला दिसतो. त्यावर उपाय म्हणजे लाइन पाण्यावर पडताच रॉडच्या टोकाने तिचे पोट उचलून प्रवाहाच्या वरच्या बाजूला ठेवणे, किंवा फेकतानाच रॉड वरच्या बाजूला झुकवून लाइन तिरकी पसरवणे, किंवा मुद्दाम ढिली लाइन सोडून ती वेटोळ्यांत पडू देणे. उल्हासवर मी फ्लायच्या बाजूला बाभळीचे एक पान सोडायची आणि दोन्ही बरोबर किती अंतर जातात ते पाहायची. पान पुढे गेले किंवा मागे राहिले, की ड्रॅग आहे असे समजायचे. यापेक्षा चांगला मास्तर मला मिळाला नाही, आणि जूनमध्ये पावसाने नदी तांबडी होईपर्यंत माझा बहुतेक वेळ याच खेळात गेला.

प्रवासाबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. मुंबईहून विमानाने चंदीगड, तिथून रात्रीच्या मनाली बसने पहाटे औट, आणि बोगद्याच्या अलीकडे उतरून बंजारमार्गे गुशैणी. परवाना मत्स्य विभागाकडून मिळतो, तो दिवसाच्या हिशेबाने असतो, आणि किती व केवढे मासे ठेवता येतील याची मर्यादा त्याबरोबर येते. मी एकही ठेवणार नव्हते, तरी तो कागद खिशात असणे आवश्यक असते आणि रखवालदार खरोखरच विचारतो.

गुशैणी सुमारे १,६०० मीटर उंचीवर आहे. तीर्थन तिच्या वरच्या अंगाला ग्रेट हिमालयन राष्ट्रीय उद्यानातून येते. या उद्यानाला २०१४ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले. आम्ही उद्यानाच्या हद्दीच्या खालच्या टापूतच मासेमारी केली. खाली लारजीला ती बियासच्या खोऱ्यात मिसळते आणि तिथे बियासवर १२६ मेगावॉटचा वीजप्रकल्प आहे. खुद्द तीर्थनवर मात्र जलविद्युत प्रकल्प होऊ द्यायचे नाहीत, असा निर्णय राज्य सरकारने घेतलेला आहे, आणि त्यामागे माजी आमदार दिलाराम शबाब यांच्या दीर्घ पाठपुराव्याचा मोठा वाटा होता. पाण्यात उभे राहणाऱ्याला या निर्णयाचा अर्थ ताबडतोब कळतो: इथे पाणी पावसाने वाढते, बर्फाने वाढते, पण कोणी दरवाजा उघडला म्हणून वाढत नाही. उल्हासवर कान टवकारून उभी राहण्याची सवय झाल्यामुळे मला हे विशेष जाणवले.

पहिल्या सकाळी पाण्याचे तापमान ११ अंश होते. पाणी पूर्ण नितळ नव्हते; त्यात हिरवट दुधाळ झाक होती, मात्र गुडघाभर खोलीवरचे दगड दिसत होते. होमस्टेच्या मालकांचा धाकटा भाऊ वाट दाखवायला बरोबर होता. तो लहानपणापासून या नदीवर वाढलेला, बोलायला कमी आणि डोळ्याने तीक्ष्ण. मी रीळमधून लाइन काढू लागले, तेव्हा त्याने हातानेच थांबवले आणि म्हणाला, "दीदी, इतनी लाइन का क्या करोगे? मछली तो उस पत्थर के पीछे है।" तो दगड माझ्यापासून बारा-पंधरा फुटांवर होता.

तीर्थन ही मोठमोठ्या गोट्यांची, उतरती, फेसाळणारी नदी आहे. तिच्यात लांब, संथ डोह कमी आहेत. दगडामागे टेबलाएवढे, कधी परातीएवढे शांत पाण्याचे तुकडे आहेत आणि त्यांच्या दोन्ही बाजूंनी प्रवाह धडधडत जातो. ट्राउट अशा तुकड्याच्या कडेला, प्रवाहाकडे तोंड करून उभा असतो. मंद पाण्यात राहिल्याने त्याची ताकद वाचते आणि शेजारच्या जोराच्या पाण्यातून वाहत येणारे अन्न त्याला एका झेपेत उचलता येते. उन्हाळ्याच्या अखेरीस, दुपारी पाणी तापते त्या वेळी, तो आणखी फेसाळ भागात सरकतो, कारण दगडांवर आपटून फुटणाऱ्या पाण्यात हवा जास्त मिसळलेली असते. मैदानावर ४० फुटांसाठी घाम गाळलेल्या माणसाला इथे दीड-दोन रॉडइतके अंतर पुरते. पण त्या तेवढ्या अंतरात चार वेगवेगळ्या वेगांचे पाणी असते, आणि लाइन त्यातल्या एकाला जरी टेकली तरी फ्लाय ओढली जाते.

म्हणून तिथली रीत अशी की, शक्य तितके जवळ जायचे, फक्त लीडर आणि हातभर लाइन बाहेर ठेवायची, फ्लाय दगडामागे टाकायची आणि रॉड उंच धरून सगळी लाइन पाण्यापासून वर उचलून धरायची. फ्लाय जशी खाली वाहते तसे रॉडचे टोकही तिच्याबरोबर, तिच्याच वेगाने खाली न्यायचे. पुढे नेले तर ती ओढली जाते, मागे राहिले तर अडते. फ्लाय पाण्यावर तीन सेकंद मोकळी राहिली तरी पुष्कळ. काकांनी शिकवलेली फेक इथे वाया गेली, असे मी म्हणणार नाही, कारण फ्लाय टोपलीएवढ्या जागेत अचूक पडणे त्या सरावाशिवाय अशक्य होते. पण मासा मिळतो तो त्यानंतरच्या तीन सेकंदांमुळे, आणि फ्लाय फिशिंगच्या वर्णनांत हवेतल्या डौलदार लाइनला जेवढे महत्त्व दिले जाते, त्याच्या निम्मेसुद्धा या तीन सेकंदांना दिले जात नाही, याचे मला आश्चर्य वाटते.

जवळ जाण्याचेही एक शास्त्र आहे. पाण्याखालून वर पाहणाऱ्या माशाला बाहेरचे जग सुमारे ९७ अंशांच्या शंकूतून, म्हणजे डोक्यावरच्या एका गोल खिडकीतून दिसते. त्या खिडकीबाहेरचा पृष्ठभाग त्याला आरशासारखा भासतो. मासा जितका उथळ पाण्यात, तितकी ही खिडकी लहान. शिवाय फेसाळ पाण्यात ती सतत फुटत राहते. म्हणून खालच्या बाजूने, म्हणजे त्याच्या मागून, वाकून गेले तर पंधरा फुटांवरही तो बिचकत नाही. खरी भीती असते ती दगडावर बूट घासण्याची, कारण पाण्यातून ते कंप फार लांब पोहोचतात. तीर्थनचे गोटे शेवाळाने निसरडे असतात. बुटांच्या तळाला नमदा आणि हातात काठी नसेल, तर पाण्यात उतरूच नये. दोन पाय आणि काठी या तिघांपैकी दोघे नेहमी तळाला टेकलेले असले पाहिजेत.

सकाळी दहापर्यंत पृष्ठभागावर हालचाल नव्हती. तेव्हा आम्ही जोडफ्लाय लावली: वर केसांची, चांगली तरंगणारी सुकी फ्लाय आणि तिच्या आकड्याला बांधलेल्या दीड फूट टिपेटच्या टोकाला वागळे इस्टेटच्या तारेची निंफ. वरची फ्लाय मासा घेऊ शकतोच, शिवाय ती खालच्या फ्लायसाठी बुचासारखी खूण होते. एका पसरट खडकाच्या मागच्या रेघेवर ही जोडी तिसऱ्या सेकंदाला आली आणि वरची फ्लाय बुडाली नाही, नुसती थबकली. मी रॉड मनगटाने उचलला आणि दुसऱ्या टोकाला जड, जिवंत थरथर जाणवली. मासा लगेच मुख्य प्रवाहात शिरला. तिथे पाण्याचा जोर आणि माशाचा जोर मिळून ०.१५ मिलिमीटरच्या टिपेटला झेपत नाही, म्हणून रॉड आडवा करून त्याला बाजूने वळवत मंद पाण्यात आणावे लागले. जाळीत आला तो वीतभराहून थोडा मोठा तपकिरी ट्राउट होता: पाठ ऑलिव्ह रंगाची, पोट लोण्यासारखे पिवळे, अंगावर काळे आणि लाल ठिपके, आणि ठिपक्यांभोवती फिकट कडी. इंद्रधनुषी ट्राउटला असे लाल ठिपके नसतात. त्याच्या कुशीवर गुलाबी पट्टा असतो आणि शेपटीवर काळ्या ठिपक्यांची दाटी असते. तपकिरी ट्राउटची शेपटी जवळजवळ कोरी असते.

आकड्याचा काटा मी घरीच पक्कडीने दाबून टाकला होता, त्यामुळे मासा पाण्यातच क्षणात सुटला. हात ओले करून, जाळी पाण्यात ठेवून, त्याचे तोंड प्रवाहाकडे धरले आणि तो स्वतःच्या ताकदीने निघून जाईपर्यंत थांबले. छायाचित्रासाठी मासा कोरड्या दगडावर ठेवणे किंवा मिनिटभर हवेत धरून उभे राहणे ही पद्धत मला अजिबात मान्य नाही. त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघाला की बुरशी लागते, आणि सोडल्याचे पुण्य पदरात पाडून घेणारा माणूस प्रत्यक्षात तो मासा मारूनच आलेला असतो.

दुपारी ऊन वर आले, पाणी १४ अंशांवर गेले आणि वारा सुटला. आता काठालगतची, गवत पाण्यावर झुकलेली जागा धरायची होती. इथे स्टेशनरीच्या फोमची मुंगी कामाला आली. काळी मुंगी पाण्यावर दिसत नाही, म्हणून तिच्या पाठीवर नारिंगी लोकरीचा ठिपका बांधला होता. मासा खालून पाहतो, त्याला तो दिसत नाही. नाकतोडा मात्र अलगद टाकायचा नसतो. तो गवतातून धपकन पडतो, तसाच पडला पाहिजे, आणि त्या आवाजाला ट्राउट कधी कधी हातभर अंतरावरून वळून येतो. पाणी निवळलेले असल्यामुळे हे सगळे डोळ्यांना दिसते: खालून एक सावली सुटते, वर येते, फ्लायच्या खाली तिच्याच वेगाने मागे मागे वाहत तिला न्याहाळते आणि मग एकतर तोंड उघडते किंवा परत फिरते. परत फिरणारे जास्त होते. त्यातल्या बहुतेकांच्या बाबतीत शेवटच्या वीतभर अंतरात लाइनचा कुठला तरी भाग प्रवाहाला टेकलेला होता, आणि तो भाग कोणता हे वाटाड्याला माझ्या आधी दिसे. तो नुसती मान हलवी.

संध्याकाळी जेवणात ट्राउट होताच, पण तो खोऱ्यातल्या मत्स्यशेतीतला, इंद्रधनुषी. नदीतला सोडून द्यायचा आणि शेतातला खायचा हा व्यवहार मला पटला. तव्यावर हळद-मीठ लावून परतलेला तो मासा चवीला नाजूक होता. ठाणेकर जिभेला त्यावर थोडे आगळ असते तर बरे, असे वाटल्यावाचून राहिले नाही.

एक खटकणारी बाब इथे लिहिलीच पाहिजे. तपकिरी ट्राउट हा या नद्यांचा मूळ रहिवासी नाही. १९०० मध्ये काश्मीरमध्ये ब्रिटिशांनी आणलेली त्याची अंडी जगली आणि त्यानंतर १९०९ च्या सुमारास जी. सी. एल. हॉवेल या अधिकाऱ्याच्या पुढाकाराने तो कुल्लूच्या नद्यांत आला. या पाण्याचा मूळ मासा वेगळाच आहे. त्याला इंग्रजी अमदानीपासून स्नो ट्राउट म्हणतात, पण तो ट्राउटच्या कुळातला नसून रोहू-कटल्याच्या कुळातला आहे, आणि दगडांवरचे शेवाळ खरवडून जगतो. बाहेरून आलेल्या शिकारी माशाने त्याची जागा आणि त्याची पिल्ले दोन्ही बळकावली. ट्राउटमुळे खोऱ्यात पर्यटक येतात, होमस्टे चालतात, नदी अडवू नये यासाठी एक आर्थिक कारणही मिळते, हे सारे खरे आहे; तरीही परवान्यावर ट्राउटची मर्यादा आणि हंगाम काटेकोर लिहिलेला असताना मूळ माशाची चौकशी करणारे पाहुणे फार थोडे असावेत. वाटाड्याला मी विचारले, तेव्हा त्याने खालच्या टापूतल्या दोन जागा दाखवल्या आणि त्याच्या वडिलांच्या वेळी तो मासा वरपर्यंत मिळत असे, असे सांगितले.

ऑक्टोबर लागला तसे पाणी दिवसागणिक थंड आणि नितळ होत गेले. सकाळचा पारा नऊवर आला. मासे अकराच्या आधी हलेनात आणि तीननंतर पुन्हा गप्प होऊ लागले, म्हणजे उन्हाळी वेळापत्रक बरोबर उलटले: ऑगस्टच्या उकाड्यात जी दुपार टाळायची, तीच आता धरायची. गवत पिवळे पडले, नाकतोड्यांना प्रतिसाद कमी झाला, आणि जोडीतली खालची निंफच बहुतेक मासे आणू लागली. नितळ पाण्यामुळे टिपेटही एक पायरी बारीक, ०.१३ मिलिमीटरचा, लावावा लागला. शेवटच्या दिवशी मिळालेल्या एका नर ट्राउटचा खालचा जबडा किंचित वर वळू लागला होता आणि पोटाचा पिवळा रंग गडद झाला होता. ही अंडी घालण्याच्या काळाची तयारी असल्याचे वाटाड्याने सांगितले आणि नदीच्या एका उथळ, बारीक खड्यांच्या पट्ट्याकडे बोट दाखवून तिथून चालू नका, असे बजावले. मादी शेपटीने अशाच खड्यांत खळगा करून अंडी घालते. बंदीला अजून तीन आठवडे होते, परवानाही संध्याकाळपर्यंत चालणार होता. आम्ही तो पट्टा काठावरून वळसा घालून ओलांडला, लाइन पुसून रीळमध्ये गुंडाळली, आणि रात्रीच्या चंदीगड बससाठी मी औटला उतरले.